रुळलेले मूल : एका शब्दाचा आणि एका गैरसमजाचा इतिहास



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याच वर्गात मी मराठी शिकलो. एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला की ते अर्थ सांगत नसत. 'कोण, कोणाबद्दल, केव्हा म्हणाले ते आधी सांग,' असे उलट विचारीत. आज त्यांच्याच पद्धतीने मी एका साध्या क्रियापदाची चौकशी करणार आहे. ते क्रियापद म्हणजे 'रुळणे'. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने दीड-दोन वर्षांच्या मुलांविषयी बोलावे, हा काहींना अधिकाराचा अतिक्रम वाटेल. माझा बचाव एवढाच की, ज्या इतिहासाकडे आपणांस घेऊन जायचे आहे, तो बव्हंशी एका शब्दाच्या चुकीच्या वापराचा इतिहास आहे. आणि शब्दांचे वापर तपासण्यातच माझे आयुष्य गेले आहे.

वाट रुळते, नवा शब्द भाषेत रुळतो, नवी सून सासरी रुळते. आणि आई किंवा वडील दूर गेले असता आजोळी ठेवलेले मूल 'चार दिवसांत रुळते'. या चारही प्रयोगांत बोलणारा बाहेरून पाहत असतो. सुनेला निदान पुढे केव्हातरी आपली बाजू सांगता येते. दीड वर्षाच्या मुलाला ती कधीच सांगता येत नाही. ते रडायचे थांबले, समोर ठेवलेले खाऊ लागले, दाराकडे पाहीनासे झाले, की आपण सुटकेचा नि:श्वास टाकून म्हणतो, 'रुळले हो!' त्या मुलाच्या मनात नेमके काय झाले असते, हा माझा आजचा प्रश्न आहे.

आपल्या गावाला हा विषय परका नाही. १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे. दुसऱ्या महायुद्धात या रेजिमेंटच्या पलटणी पूर्व आफ्रिकेत आणि इटलीत लढल्या, तेव्हा या पंचक्रोशीतील किती घरांत वडिलांना न ओळखणारी मुले चालायला शिकली असतील, याची गणती कोणी केलेली नाही. शेजारच्या गोव्यात घरोघरचे तारवटी वर्षवर्ष बोटीवर असत. कोकणातला गडी मुंबईच्या गिरणीत आणि त्याचे मूल गावी, हे तर कित्येक पिढ्यांचे चित्र. आज या सभागृहात बसलेल्या माझ्या समवयस्कांपैकी काहींच्या घरी नातवंडे आहेत आणि त्यांचे आईवडील पुण्याला, बंगळूरला किंवा आखाती देशांत नोकरीवर आहेत. दुराव्याचा अनुभव आपल्याकडे असा भरपूर आहे. पण तो टिपून ठेवण्याचे काम मात्र आपल्याकडे झाले नाही. ते काम प्रथम युरोपात, आणि तेही युद्धाच्या रेट्यामुळे झाले. म्हणून आधी तिकडे जाऊ आणि मग घरी परत येऊ.

पहिली महत्त्वाची नोंद सिग्मंड फ्रॉइड यांची. १९२० साली प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात त्यांनी आपल्या दीड वर्षाच्या नातवाचा खेळ वर्णिला आहे. हा मुलगा शहाणा म्हणून वाखाणला जाई, कारण आई काही तासांसाठी बाहेर गेली तरी तो रडत नसे. मात्र त्याचा एक ठरलेला खेळ होता. दोरी बांधलेले लाकडी रीळ तो पडदा लावलेल्या आपल्या खाटल्याच्या कडेवरून पलीकडे टाकी आणि एक लांबट 'ओ' काढी. मग दोरी ओढून रीळ पुन्हा दिसले की आनंदाने 'हे इथे' अशा अर्थाचा जर्मन शब्द उच्चारी. तो लांबट 'ओ' म्हणजे 'गेले' अशा अर्थाचा जर्मन शब्द असल्याचे आईला आणि आजोबांना उमगले. आई जाते केव्हा आणि येते केव्हा, हे मुलाच्या हाती नव्हते; रिळाचे जाणे-येणे त्याच्या हाती होते. या खेळावर पुढे तत्त्वज्ञानाचे मजले चढले, त्यांत मी आज शिरत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, न रडणारे मूलही आपल्या परीने त्या जाण्याचा हिशेब मांडीत होते आणि त्यासाठी त्याने आपल्या तुटपुंज्या शब्दसंग्रहातले नेमके दोन शब्द निवडले होते.

याच मुलाची दुसरी नोंद कमी उद्धृत होते. त्याचे वडील पहिल्या महायुद्धात आघाडीवर गेले होते आणि त्याला तसे सांगण्यात आले होते. अडीच वर्षांचा झाल्यावर ज्या खेळण्यावर राग येई, ते तो जमिनीवर आपटी आणि त्याला लढाईवर जाण्याची आज्ञा करी! वडील नसल्याचे त्याला दु:ख नव्हते, उलट आई आपल्या एकट्याची राहावी असे त्याला वाटत होते, असा फ्रॉइडसाहेबांचा निष्कर्ष. तो मला पुरता पटत नाही. लढाईवर जाणे ही शिक्षा असते, एवढे त्या मुलाने ओळखलेले दिसते. हा मुलगा पुढे स्वत: मनोविश्लेषक झाला आणि उत्तरायुष्यात त्याने अपुऱ्या दिवसांच्या, अतिदक्षता विभागात ठेवाव्या लागणाऱ्या अर्भकांचा व त्यांच्या मातापित्यांचा विचार करण्यात बराच काळ घालवला.

आता दुसऱ्या महायुद्धाकडे येऊ. १ सप्टेंबर १९३९ रोजी इंग्लंडमधील शहरांतून मुलांचे स्थलांतर सुरू झाले आणि अवघ्या काही दिवसांत सुमारे १५ लाख माणसे सुरक्षित भागात हलवली गेली. त्यांत शाळकरी मुले होती, तशाच लहान मुलांसह माताही होत्या. मुलांचे जीव बॉम्बपासून वाचवावेत, हा हेतू निर्विवाद चांगला होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जॉन बोल्बी, इमॅन्युएल मिलर आणि डोनाल्ड विनिकॉट या तीन डॉक्टरांनी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक पत्र लिहून इशारा दिला की, पाच वर्षांखालच्या मुलांना आईविना दूर पाठवण्यात मोठा मानसिक धोका आहे. युद्धाच्या गदारोळात अशा पत्राकडे कितीसे लक्ष जाणार?

१९४१ च्या जानेवारीत फ्रॉइड यांची कन्या ॲना आणि तिची सहकारी डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनमधील हॅम्पस्टेड भागात युद्धग्रस्त मुलांसाठी शिशुगृह उघडले. पैसा अमेरिकेतून येई. त्या देणगीदारांना दरमहा अहवाल धाडावा लागे. त्या अहवालांतून पुढे दोन पुस्तके झाली. आपल्याकडील अनुदानित संस्थांचे अहवाल ज्यांनी लिहिले आहेत, त्यांनी ही पुस्तके अवश्य पाहावीत. अहवालसुद्धा वाङ्मय होऊ शकतो, याचा तो पुरावा आहे. या गृहाचा एक नियम होता. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाने मुलांचे जे वागणे-बोलणे दृष्टीस पडेल ते कागदाच्या चिठ्ठीवर टिपून ठेवायचे. प्रत्येकाने म्हणजे अगदी बॉयलर सांभाळणाऱ्या गड्यानेही. हा गडी म्हणजे जेम्स रॉबर्टसन नावाचा स्कॉटिश तरुण. सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून त्याने शस्त्र हाती घेण्यास नकार दिला होता. त्याची पत्नी जॉइस तिथेच तान्ह्या मुलांकडे पाहत असे. या दोघांचे नाव लक्षात ठेवावे, ते पुन्हा येणार आहे.

त्या चिठ्ठ्यांतून उभा राहिलेला एक मुलगा माझ्या मनातून जात नाही. अहवालात त्याला पॅट्रिक म्हटले आहे. वय तीन वर्षे दोन महिने. आईने जाताना बजावले होते की, शहाण्यासारखा वाग, रडलास तर मी भेटायला येणार नाही. पॅट्रिकने शब्द पाळला. तो रडला नाही. कोणी त्याच्याकडे पाहिले की तो मान डोलावून स्वत:ला आणि समोरच्याला सांगे की, आई येणार, मला कोट घालणार आणि घरी नेणार. पुढे त्या यादीत एकेक कपडा वाढत गेला. कोट, मग त्याची झिप, मग टोपी. सारखे तेच ते बोलू नकोस, असे कोणीतरी त्याला सांगितले. तेव्हा त्याने बोलणे बंद केले आणि हातांनी टोपी घालण्याचा, झिप ओढण्याचा अभिनय करू लागला. पुढे हातही थांबले आणि केवळ ओठ हलत राहिले. इतर मुले खेळत असता हा एका कोपऱ्यात उभा. बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसले असते? आधी बडबडणारा, मग हातवारे करणारा आणि शेवटी गप्प राहणारा मुलगा. आपण म्हटले असते, रुळला!

भाषेच्या अभ्यासकाला चकित करणारी आणखी एक गोष्ट या अहवालांत आहे. शिशुगृहातील मुले चालण्या-पळण्यात आणि हाताने खाण्यापिण्यात घरच्या मुलांच्या मागे नव्हती, काही बाबतींत तर पुढेच होती. मागे होती ती बोलण्यात. खाणे उत्तम, निगा उत्तम, खेळणी भरपूर; तरी शब्द येईनात. सणासुदीला आठ-पंधरा दिवस आईकडे जाऊन आलेले मूल मात्र, शिशुगृहात जेवढे बोलायला तीन महिने लागले असते, तेवढे तेवढ्यात बोलू लागे. आपण 'मातृभाषा' हा शब्द सभासंमेलनांतून, विशेषत: या सीमाभागात, उठताबसता वापरतो. त्या शब्दातील 'मातृ' हे पद किती शब्दश: खरे आहे, याची प्रचीती मला हे वाचताना आली. मूल भाषा शिकते ते कोणा एका माणसाला काही सांगायचे असते म्हणून. ते एक माणूस समोर नसेल, तर शब्द कोणासाठी जमवायचे?

शिशुगृहाच्या चालकांनी हे ओळखून एक फेरबदल केला. सर्व मुलांना सर्व बायांनी सांभाळण्याची पद्धत मोडून चार-पाच मुलांमागे एक बाई नेमली. परिणाम पहिल्या आठवड्यात भयंकर झाला. शांत मुले हट्टी झाली, 'आपली' बाई दुसऱ्याला घेते म्हणून भांडू लागली, ती दाराबाहेर गेली की हंबरडा फोडू लागली. एखाद्या काटेकोर व्यवस्थापकाने प्रयोग तेथेच थांबवला असता. त्यांनी थांबवला नाही, आणि काही आठवड्यांत गोंधळ निवळून मुलांची वाढ दिसू लागली. याचा अर्थ आधीची ती शांतता समाधानाची नव्हती. रडण्यासाठीसुद्धा एक हक्काचे माणूस लागते.

युद्ध संपले. १९४८ मध्ये तो बॉयलरवाला रॉबर्टसन डॉ. बोल्बींच्या हाताखाली संशोधक म्हणून रुजू झाला आणि त्याला मुलांच्या रुग्णालयांतून निरीक्षणासाठी पाठवण्यात आले. त्या काळच्या इंग्रजी रुग्णालयांची शिस्त आज ऐकवत नाही. गाय्‌ज हे लंडनचे नामांकित रुग्णालय. तिथे मुलांना भेटायची वेळ रविवारी दुपारी दोन ते चार. आठवड्यातून एकदा! काही रुग्णालयांत तेवढीही नाही. त्यामागचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता. मूल एरवी शांत असते, आईबाप येऊन गेले की आकांत करते; अर्थात त्रास होतो तो भेटीमुळे, म्हणून भेटी कमी असाव्यात. या युक्तिवादात दुष्टावा मुळीच नव्हता. दिवसभर झिजणाऱ्या परिचारिकांना आणि निष्णात डॉक्टरांना तो मनापासून पटलेला होता. आपला वॉर्ड शांत आहे, मुले 'सेटल' झाली आहेत, याचा त्यांना अभिमान होता. आपल्या 'रुळण्या'चा तो इंग्रजी भाऊबंद.

रॉबर्टसनने तीच मुले दिवसच्या दिवस पाहिली आणि त्यांच्या वागण्यात तीन टप्पे ओळखले. पहिला आक्रोशाचा. मूल आईला हाक मारते, कठडा हलवते, प्रत्येक पावलाकडे कान देते. दुसरा निराशेचा. रडणे मंदावते, मूल निपचित होते. याच टप्प्यावर वॉर्डात 'आता शांत झाले' अशी नोंद होते. तिसरा टप्पा सर्वांत फसवा. मूल हसू लागते, जो येईल त्याच्याकडे जाते, खाऊ-खेळण्यांत रमते. आणि आई भेटीला आली की तिच्याकडे परक्यासारखे पाहते, तिच्या पिशवीतल्या खाऊत अधिक रस घेते. या टप्प्याला त्याने आधी 'नाकारणे' म्हटले. पुढे 'अलिप्तता' हा शब्द आला. ज्याला डॉक्टर बरे वाटण्याची खूण समजत होते, ती या माणसाला आशा सोडल्याची खूण वाटली.

त्याचे म्हणणे कोणी ऐकेना. तेव्हा त्याने एक हातकॅमेरा मिळवला. पूर्वी कधी चित्रण केलेले नसताना त्याने एका मुलीच्या रुग्णालयातील आठ दिवसांचा मूकपट तयार केला. मूल मुद्दाम निवडले असे कोणी म्हणू नये म्हणून प्रतीक्षायादीतून नाव चिठ्ठी काढावी तसे काढले. चित्रण दररोज ठरल्या वेळीच केले आणि भिंतीवरचे घड्याळ दृश्यात राहील अशी काळजी घेतली. मुलीला चित्रपटात लॉरा म्हटले आहे. वय दोन वर्षे पाच महिने, बेंबीच्या हर्नियाची साधी शस्त्रक्रिया. गंमत अशी की, चिठ्ठीने निवडलेले हे मूल वयाच्या मानाने फारच संयमी निघाले. ती आक्रोश करीत नाही. चेहरा आवळून धरते, टेडी अस्वल जवळ घेते, मधूनच हळू आवाजात आईची मागणी करते आणि पुन्हा गप्प होते. आई भेटीला येते तेव्हा तोंड फिरवते. घरी जायच्या दिवशी ती आपल्या सगळ्या वस्तू गोळा करून घेते, पण आईने पुढे केलेला हात धरत नाही.

१९५२ च्या नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये हा चित्रपट दाखवला गेला, तेव्हा मोठी खळबळ उडाली. मूल विक्षिप्त आहे, आईबाप विक्षिप्त आहेत, हा व्यवसायाच्या बदनामीचा डाव आहे, अशी टीका डॉक्टरमंडळींनी केली. त्यांतलेच एक डर्मोड मॅकार्थी हे बालरोगतज्ज्ञ प्रथम संतापले. परंतु परत जाऊन आपल्या वॉर्डात त्यांनी नव्याने पाहिले, तेव्हा जी मुले त्यांना शांत वाटत होती ती दु:खी दिसू लागली. त्यांनी मातांना मुलांजवळ राहू दिले, आणि रॉबर्टसनचा १९५८ सालचा पुढचा चित्रपट त्यांच्याच रुग्णालयात तयार झाला. १९५९ मध्ये सरकारनियुक्त प्लॅट समितीने भेटीवरील बंधने उठवावीत आणि पाच वर्षांखालील मुलांबरोबर आईला राहता यावे, अशी शिफारस केली. समितीचे अहवाल फडताळात कसे जातात हे आपणांस ठाऊकच आहे. १९६१ मध्ये लंडनच्या बॅटरसी भागातील काही मातांनी संघटना काढून रुग्णालयांच्या पाठीस लागायचे ठरवले, तेव्हा कुठे दारे हळूहळू उघडू लागली.

लॉराची एक गोष्ट चित्रपटात नाही. काही महिन्यांनंतर तिच्या घरी आईवडिलांना तो चित्रपट दाखवीत असता तिने अवचित त्याचा शेवटचा भाग पाहिला. ती एकदम उफाळून आईला विचारू लागली की, एवढा सगळा वेळ तू होतीस तरी कुठे? मग रडू लागली आणि आईला सोडून वडिलांकडे वळली. आठ दिवसांत विचारता न आलेला प्रश्न तिने इतके महिने सांभाळून ठेवला होता.

येथे एका वादाचा उल्लेख केला पाहिजे, नाहीतर माझ्या बोलण्याचा भलताच अर्थ निघेल. बोल्बींनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी जो अहवाल लिहिला, त्यात लहानपणी आईपासून झालेल्या ताटातुटीचे परिणाम फार ठळक रंगांत रंगवले होते. त्याचा उपयोग नोकरी करणाऱ्या बाईला दोषी ठरवण्यासाठी पुष्कळांनी केला. अहवालाचा मुख्य आधार संस्थांत वाढलेली, दीर्घकाळ तुटलेली मुले हा होता. आई सकाळी कामावर जाऊन संध्याकाळी घरी येते, ती गोष्ट अगदी निराळी. १९७२ मध्ये मायकेल रटर यांनी या सगळ्या पुराव्याची फेरतपासणी करून दाखवले की, 'ताटातूट' या एका शब्दाखाली अनेक वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या गेल्या होत्या. दूर जाणे वेगळे, घरातील कलह वेगळा आणि मुळात कोणाशीच नाते न जुळणे हे आणखी वेगळे. पुन्हा शब्दाचाच घोटाळा.

परंतु या इतिहासातील माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे पान रॉबर्टसन पतिपत्नींनीच लिहिले. दुरावा टळत नसेल तर मूल तो कशाच्या बळावर सोसते, असा प्रश्न त्यांनी घेतला. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात, आई दुसऱ्या बाळंतपणासाठी किंवा अन्य कारणाने रुग्णालयात असताना, चार मुलांना त्यांनी एकेक करून स्वत:च्या घरी ठेवून घेतले. जेन १७ महिन्यांची, ल्यूसी २१ महिन्यांची, टॉमस आणि केट दोन वर्षांहून थोडे मोठे. मुक्काम १० दिवसांपासून २७ दिवसांपर्यंत. तयारी मात्र आधीपासून. मूल आईवडिलांबरोबर त्या घरी येऊन-जाऊन असे. राहायला येताना त्याचे अंथरूण, खेळणे आणि आईचा फोटो बरोबर येई. त्याला कसे निजवतात, काय भरवतात, हे आईकडून विचारून घेतलेले असे. वडील भेटायला येत. आणि जॉइसबाई दिवसभरातून आईबद्दल बोलत असत. आईचे नाव काढले तर मूल रडेल, या भीतीने गप्प राहत नसत.

मुले रडली नाहीत असे मुळीच नाही. ती चिडली, काहींची झोप बिघडली, आईचा फोटो कधी छातीशी धरला तर कधी त्याकडे पाहणेही टाळले. जेनचे घर जवळच होते. पहिले काही दिवस आपल्या बागेच्या फाटकावरून जाताना ती ओळखही दाखवीना. मग एके दिवशी ती थांबली. दुसऱ्या दिवशी आत जाऊन तिने रिकाम्या घराचे दार उघडून पाहिले. परत आल्यावर, त्या मुक्कामात प्रथमच, तिच्या तोंडून आईला मारलेली हाक निघाली. या मुलांनी आई परत आल्यावर तिला ओळखले, जवळ केले. बोल्बींच्या मते त्यांच्यातही शोक होताच, केवळ सौम्य. रॉबर्टसन म्हणत की आक्रोश, निराशा, अलिप्तता हा क्रम अटळ नाही. गुरुशिष्यांचा हा मतभेद अखेरपर्यंत मिटला नाही. माझा कल शिष्याकडे आहे, कारण घरात मुलांबरोबर दिवस काढले ते त्याने आणि त्याच्या पत्नीने.

याच वयाच्या, १७ महिन्यांच्या जॉनला मात्र तशाच कारणासाठी नऊ दिवस एका चांगल्या मान्यताप्राप्त शिशुगृहात ठेवावे लागले. तिथल्या मुली प्रेमळ होत्या, पण त्यांच्या पाळ्या बदलत. जॉन एकीला धरू पाही तो दुसरी येई. संस्थेत मुरलेली मुले त्याला ढकलून बाईच्या मांडीवर चढत. अखेर तो एका भल्यामोठ्या अस्वलाच्या खेळण्यावर पडून राहू लागला, खाईनासा झाला. नवव्या दिवशी आई आली तेव्हा त्याने किंचाळून अंग टाकून दिले आणि तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. साडेचार वर्षांचा झाल्यावरही आई ठरल्या जागी दिसली नाही की तो घाबरा होई, आणि अधूनमधून अकारण तिच्यावर धावून जाई. चार मुलांना जे मिळाले आणि जॉनला जे मिळाले नाही ते एवढेच : बदलत नाही असे एक माणूस, आणि दूर असलेल्या आईचा रोजचा उल्लेख.

आता घरी येऊ. आपल्या घरांत ते बदलत नाही असे एक माणूस बहुधा असे. आजी असे, आत्या असे, मोठी काकू असे. सरकारी दवाखान्यातसुद्धा मुलाच्या खाटेखाली सतरंजी टाकून आई निजते, आणि नियमांची पाटी तिच्या डोक्यावर टांगलेली असते! इंग्लंडला जे समिती नेमून मिळवावे लागले ते आपण गैरशिस्तीतून मिळवले, असे मी विनोदाने म्हणत असतो. दुसऱ्या बाबतीत मात्र आपण मागे आहोत. आपण मुलाला फसवतो. 'तो बघ काऊ' म्हणून त्याला खिडकीशी नेतो आणि आई मागल्या दाराने एस.टी. गाठते. 'बाबा आत्ता येणार, दुकानात गेलेत' असे वर्षभर सांगतो. निरोपाच्या वेळी 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणण्याची आपली रीत फार सुंदर आहे. पण ते 'येतो' मुलाच्या तोंडावर, त्याच्या डोळ्यांत पाहून म्हणावे लागते. काऊ पाहायला गेलेल्या मुलाच्या वाट्याला तेही येत नाही. रडून निरोप दिलेल्या मुलाला आई गेली एवढे तरी ठाऊक असते. फसवलेल्याला आई केव्हाही नाहीशी होऊ शकते, असे कळते, आणि मग ते तिच्या पदराला सोडीनासे होते.

माझे वडील सैन्याच्या पुरवठा खात्यात होते. १९६२ च्या ऑक्टोबरात ते सीमेकडे गेले आणि चौदा महिन्यांनी परतले. धाकटा भाऊ तेव्हा चौदा महिन्यांचा होता, म्हणजे जितके त्याचे वय तितकाच काळ ते दूर राहिले. आमच्या आजीला अक्षर येत नव्हते, पण तिने एक शिरस्ता पाडला. तिन्हीसांजेला दिवा लावला की भावाला कडेवर घेऊन वडिलांच्या फोटोसमोर उभी राही आणि दिवसभरात काय झाले ते फोटोला सांगे. याने आज चार पावले टाकली, याने दूध सांडले. वडिलांचे पत्र आले की आई ते मोठ्याने वाची आणि मग पत्र याच्या हाती देई. भाऊ आपल्या भाकरीचा तुकडा फोटोच्या काचेला लावी. वडील परत आले तेव्हा त्याने त्यांना 'काका' म्हटले आणि बोट फोटोकडे करून 'बाबा' कोण ते दाखवले. वडिलांचा चेहरा पडला. शेजारचे म्हणाले, मूल विसरले. ते विसरले मुळीच नव्हते; त्याने वडिलांना त्याला ठाऊक होते त्या जागी, काचेमागे, नीट ठेवले होते. आजीने घाई केली नाही. फोटोसमोरचा तिन्हीसांजेचा पाठ तसाच चालू ठेवला, फक्त वडिलांना शेजारी उभे केले. दहा-बारा दिवसांनी भावाने भाकरीचा तुकडा काचेला लावण्याऐवजी वडिलांच्या तोंडाशी नेला.

हॅम्पस्टेडच्या अहवालांतही वडिलांना क्वचित पाहिलेल्या, काहींनी तर कधीच न पाहिलेल्या मुलांनी कल्पनेतून आपापले वडील उभे केल्याच्या नोंदी आहेत. ती पाने वाचताना मला आजीची आठवण झाली. तिने कोणतेही पुस्तक वाचलेले नव्हते आणि जॉइस रॉबर्टसनचे नाव तिच्या कानी जाणे शक्य नव्हते. फरक असा की, जॉइसबाईंचे काम चित्रपटांत आणि पुस्तकांत उरले, आजीचे आमच्या घराबाहेर गेले नाही. जात्यावरच्या ओव्यांचे संकलन आपल्याकडे मोठे झाले आहे. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी जाऊन लाखाहून अधिक ओव्या मिळवल्या. त्यांत बाईच्या मनातली माया, राग, वाट पाहणे, सारे आहे. दळणाऱ्या बाईच्या मांडीवर निजलेल्या मुलाचे वडील दूर होते तेव्हा ते मूल काय म्हणाले, हे ओवीत येत नाही. कारण ओवी आईची आहे. मुलाचे दोन तुटके शब्द टिपायला चिठ्ठीच लागते.

आज दूर गेलेले आईवडील रोज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसतात. माझ्या ओळखीच्या एका घरी सव्वा वर्षाची नात आईचा चेहरा पडद्यावर दिसला की फोन उलटा करून त्याच्या पाठीमागे पाहते. घरचे हसतात. मला त्या वेळी जेन आठवते, रिकाम्या घराचे दार उघडून पाहणारी. पडद्यावरची भेट निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही; आजीच्या फोटोहून ती पुष्कळ बरी, कारण हा फोटो उत्तर देतो. परंतु फोन ठेवल्यावर जे मूल चिडते, ताट ढकलते, त्याचे आजीआजोबा मला विचारतात की, हे फोन बंद करावेत का, नाहीतर एरवी ते छान रुळले आहे. गाय्‌ज रुग्णालयाने १९५० च्या सुमारास नेमका हाच प्रश्न केला होता आणि त्याचे चुकीचे उत्तर दिले होते. मी त्यांना सांगतो, फोन ठरल्या वेळी होऊ द्या, नंतरचे रडणे मांडीवर घेऊन होऊ द्या, आणि दिवसातून चार वेळा आईचे नाव तुम्ही स्वत: काढा.

या शाळेला बालवाडी आहे आणि जूनमध्ये तिथल्या बाईंच्या हाती अशी मुले येतात, ज्यांचे आई किंवा वडील परगावी आहेत. त्यांच्यातली पहिल्या दिवसापासून मुळीच न रडणारी मुले कोणती, एवढे यंदा बाईंनी एका वहीत लिहून ठेवावे, अशी विनंती मी मुख्याध्यापिकाबाईंना व्याख्यानापूर्वीच केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे.